नावं पुसलेली स्टेशनं

१

पिक्सवर्थच्या थांब्यावर एक बाई बाकावर मरून बसली आहे, ही बातमी शुक्रवारी सकाळी सव्वाआठला माझ्या खिडकीशी आली. आणली दूधवाल्याने. टोपी सरळ, हातमोजे घातलेले, पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली, आणि भुवयांवर दहिवर गोठलेलं. त्याने तिला आधी 'गुड मॉर्निंग' म्हटलं होतं, आणि याच गोष्टीने तो सगळ्यात जास्त हादरला होता.

ही १९४१ च्या जानेवारीतली गोष्ट. जर्मन उतरलेच तर त्यांना वाट सापडू नये, म्हणून सरकारने आदल्या उन्हाळ्यात सगळ्या स्टेशनांच्या पाट्या काढून नेल्या होत्या. रस्त्यांवरचे दिशादर्शक खांब उपटले, मैलाच्या दगडांवरची अक्षरं छिन्नीने खरवडली, आणि आमच्या टेकडीवर खडूच्या दगडात कोरलेला मोठा पांढरा घोडा झाडपाल्याखाली झाकून टाकला. चर्चच्या घंटाही बंद होत्या. जर्मन काही आले नाहीत, वाट चुकायला लागले ते आमचेच लोक.

आमची गाडी दोन डब्यांची. हॅरोबी जंक्शनहून निघाली की पहिलं विल्डन, मग पिक्सवर्थ, तिसरं आमचं नेदर कॉम्बली, आणि पुढे ब्रॅन्सीला रूळच संपतात. पिक्सवर्थला स्टेशन म्हणणं म्हणजे चेष्टाच. एक फलाट, फळ्यांचा एक आडोसा, त्यात बाक. माणूस नाही, दिवा नाही, आणि सगळ्यात जवळचं घर टेकडीपलीकडे दीड मैलावर.

मेलेल्या बाईच्या पिशवीत तिकीट सापडलं. ते नेदर कॉम्बलीचं होतं.

दुपारपर्यंत कळलं की ती टॅबिथा क्रेन, आमच्या गावात गवती छपरं शाकारणाऱ्या सायलस रडॉकची बहीण. कॉव्हेंट्रीला राहायची. तिचं लग्न सायलसला पसंत नव्हतं, तो लग्नाला गेला नाही, आणि त्यानंतर एकोणीस वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आता नवरा गेला, शहरावर बाँब पडले, आणि ती कायमची भावाकडे राहायला निघाली होती.

पाट्या नसल्यामुळे स्टेशनाचं नाव ओरडून सांगणं हे गार्डचं काम झालं होतं. ते त्याने केलं नसणार, म्हणूनच बाई अंधारात आणि धुक्यात भलतीकडे उतरली, असं आमच्या पोलीस सार्जंट बीमिशने संध्याकाळच्या आत ठरवून टाकलं. मंगळवारी शाळेत कोरोनरसमोर, म्हणजे अकस्मात मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, चौकशी होणार होती. पंचांनी दोष दिला तर गार्ड थेट तुरुंगात जाणार.

आणि गार्ड होता पर्सी विगमोर.

२

आता माझ्याबद्दल. मी हेस्टर ब्रॉडबेंट, नेदर कॉम्बलीची पोस्टमास्तरीण, वय सत्तावन्न, लग्न झालेलं नाही. गावचा टेलिफोनचा बोर्डही माझ्याच ताब्यात. पोस्टाच्या मागे दोन खोल्या आणि वर एक रिकामी खोली. दिवसभर लोक खिडकीशी येतात, तिकिटं घेतात, हवेबद्दल बोलतात आणि जातात. संध्याकाळी साडेचारला दार लावलं की सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नाही.

फक्त चार पन्नासची गाडी सोडून. टपालाची थैली घ्यायला मी स्वतः स्टेशनवर जायची. इंजिन पाणी घेईपर्यंत अकरा मिनिटं मिळायची, आणि ती अकरा मिनिटं पर्सी आणि मी बोलायचो. त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तो कोबीबद्दल बोलायचा, मी गावाबद्दल. प्रेम वगैरे म्हणाल तर मला ठाऊक नाही. पण ती अकरा मिनिटं गेली तर माझ्या दिवसात काही उरणार नव्हतं, हे मी उघड सांगते. म्हणून मी या भानगडीत पडले.

शनिवारी सार्जंट बीमिश तार करायला आला, तेव्हा मी त्याला चहा दिला. बीमिश मनाने वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात एकदा एक विचार बसला की दुसऱ्याला उभं राहायलाही जागा उरत नाही. पर्सीचं म्हणणं त्याने मला वाचून दाखवलं. पिक्सवर्थला त्याने तीनदा नाव पुकारलं. धुकं इतकं दाट होतं की मागच्या डब्यातून पुढचा डबा दिसत नव्हता. कुणी ओ दिली नाही, म्हणून त्याने शिट्टी दिली. परतीच्या गाडीने सहा वाजता तो पुन्हा पिक्सवर्थला थांबला, पुन्हा ओरडला, 'कुणी आहे का?' तेव्हाही कोणी बोललं नाही.

"डॉक्टर म्हणतात, बाई मध्यरात्रीपर्यंत तरी जिवंत होती," बीमिश म्हणाला. "वीस पावलांवर माणूस ओरडतोय आणि जिवंत बाई गप्प बसते? बाई, मी दूधखुळा नाही. तो ओरडलाच नाही, ना जाताना, ना येताना."

मी तिच्या वस्तू बघायला मागितल्या. पोलीस ठाण्यात कपाट नव्हतं, म्हणून पुरचुंडी त्याच्याजवळच होती. तिकीट, चष्मा, नवऱ्याचा फोटो, गोळ्यांची पुडी. आणि तिच्या मुठीत सापडलेला एक हातरुमाल. त्याच्या एकाच कडेला ओळीने तीन गाठी मारलेल्या होत्या.

"हे काय?"

"म्हाताऱ्या बायकांना सवय असते," बीमिश म्हणाला. "साबण आणायचा, एक गाठ. चहा आणायचा, दुसरी गाठ."

मी रुमाल पुन्हा उलटून पाहिला. पण जी बाई सगळं घर मोडून, एका पिशवीत संसार भरून निघाली आहे, ती साबणाची आठवण कशाला ठेवेल?

३

सायलस रडॉकचं घर गावाच्या टोकाला. दुसऱ्यांची छपरं शाकारता शाकारता स्वतःच्या छपराला त्याने कधी हात लावला नाही. एक कोपरा गळत होता. आत मात्र वेगळंच दृश्य. दुसरा पलंग लावलेला, त्यावर धुतलेली चादर, आणि खिडकीशी समोरासमोर दोन खुर्च्या.

त्याच्याबद्दलही गावात कुजबुज चालली होती. एकोणीस वर्षांचं भांडण, बहीण येते म्हणते, आणि मरते. जत्रेतल्या शर्यतीवर बोलावं तसे लोक त्यावर बोलत होते.

गुरुवारी मी त्याला स्टेशनवर पाहिलं होतं. फाटकापाशी कंदील घेऊन उभा, गळ्याला स्वच्छ कॉलर. गाडी आली, गाडीतून कुणी उतरलं नाही, आणि तो वळून निघून गेला. पर्सीशी बोलला नाही, माझ्याशीही नाही.

"मला वाटलं, तिने विचार बदलला," सायलस म्हणाला. "तिचा स्वभावच तसा. म्हणजे, पूर्वी होता."

मी त्याला खुर्च्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, तिनेच लिहिलं होतं. फोन करू नकोस, जे काय असेल ते पत्राने कळव. आणि मी आले की माझ्यासमोर उजेडात बसून बोल.

"डोळ्याला डोळा भिडवून बोलायचं असेल तिला," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांचं बोलणं साचलं होतं, बाई. मी म्हटलं, बसू."

"आणि तुम्ही तिला काय कळवलंत?"

"काय कळवणार? गाडीची वेळ. आणि हेच, की स्टेशनांवर नावं नाहीत, खिडकीतून काही दिसणार नाही, तर थांबे मोजत ये. तिसरा थांबा आपला."

मी तशीच उठले. थांबे मोजत ये. गाडी थांबली की एक गाठ. तिसरी गाठ मारली की उतरायचं. बीमिशचा साबण आणि चहा कुठल्या कुठे गेले. टॅबिथा क्रेन घाबरून, गोंधळून भलतीकडे उतरली नव्हती. मोजून, खात्री करून उतरली होती.

घरी येईपर्यंत मी खुशीत होते. दाराला किल्ली लावताना माझ्या लक्षात आलं की हे गणित जमत नाही. पिक्सवर्थ तर दुसरं स्टेशन. दोनच गाठी हव्या होत्या. मग तिसरी गाठ कुठून आली?

४

एक गोष्ट मात्र माझ्या हातात होती, आणि तीसुद्धा बसल्या जागी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं माझं चाललं होतं. टेलिफोनचा बोर्ड माझ्या नाकासमोर होता. रविवारी दुपारी मी कॉव्हेंट्रीचा नंबर लावला. पाऊण तास लागला. पलीकडे टॅबिथाची घरमालकीण आली, आवाजावरून दमेकरी.

मी विचारलं, मिसेस क्रेन फोनवर का बोलत नसत.

"अहो, बोलेल कशी?" ती म्हणाली. "नोव्हेंबरच्या बाँबमध्ये शेजारचं घर पडलं, त्या दिवसापासून तिचे दोन्ही कान गेले. तोफ उडवली तरी कळायचं नाही. समोर बसून, उजेडात, ओठ नीट हलवून बोललं तर समजायचं तिला. भावाला कळवू नका म्हणाली. बहिरी बहीण गळ्यात पडतेय असं त्याला वाटेल म्हणाली."

मी बोर्डावरची वायर काढली. पर्सी ओरडला होता. तीनदा ओरडला होता, परतताना पुन्हा ओरडला होता, आणि ते सगळं ओरडणं त्या बाईच्या दृष्टीने नव्हतंच. तिच्याजवळ फक्त मोजणं होतं.

आता एक जादा थांबा शोधायचा होता. गुरुवारी गाडी सात मिनिटं उशिरा आली होती. हे मला पक्कं आठवत होतं, कारण थैली टाकून पर्सी लगेच आत गेला होता आणि मी रुसून घरी आले होते. उशीर धुक्यामुळे झाला, असं तो म्हणाला होता.

सोमवारी सकाळच्या गाडीला मी इंजिनापाशी गेले. चालक एनॉक थर्ल हा थंड डोक्याचा माणूस. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढण्यासारखं. मी म्हटलं, एनॉक, गुरुवारी दुपारी गाडी कुठे जादा थांबली होती का?

"विल्डन सुटलं की पिक्सवर्थ येईस्तोवर चाक थांबत नाही माझं," तो म्हणाला. "बायबलवर हात ठेवून सांगेन."

त्याचा मदतनीस लगेच फावड्याकडे वळला. मी मान डोलावली आणि परत फिरले. मी नुसतं 'कुठे' असं विचारलं होतं. विल्डनचं आणि पिक्सवर्थचं नाव मी काढलंच नव्हतं. पाणी कुठे मुरतंय ते एनॉकनेच दाखवून दिलं.

विल्डन आणि पिक्सवर्थच्या मध्ये काय आहे? शेतं, मेंढ्या, ओढा. आणि गॅलोज लेनचं फाटक.

५

फाटकावर लव्हिनिया गॉस राहायची. नवरा फाटकवाला होता, तो गेल्यावर कंपनीने काम तिच्याकडे ठेवलं. काम आहे तोवर घर. रुळाला चिकटून दोन खोल्या, आणि दिवसाला सहा गाड्या जातात तेवढीच जाग. मी तिला वर्षातून चारदा भेटत असेन. तिला पत्रं येत नाहीत, म्हणून माझं जाणं होत नाही.

सोमवारी मी सरकारी रेशनचं एक परिपत्रक घेऊन सायकलने गेले. ते टपालाने आठवड्याने गेलं असतं तरी चाललं असतं.

"ये हेस्टर," ती म्हणाली. "कोण मेलं?"

"असं का विचारतेस?"

"तू आलीस म्हणून."

आत शिरले आणि आधी शेकोटी पाहिली. त्या हिवाळ्यात अख्ख्या गावात कोळशाच्या नावाने भुगा जळत होता. इथे डोक्याएवढे काळे चकचकीत तुकडे जळत होते, आणि दाराशी तसलेच आठ-दहा रचून ठेवलेले होते. इंजिनाचा कोळसा. तसं यात नवल नाही. चालत्या इंजिनातून फाटकवालीसाठी एखादा तुकडा लाथेने खाली ढकलायचा, आणि तिने अंडी नाहीतर कांदे द्यायचे, हे आजोबांच्या काळापासून चालत आलंय. त्याला कुणी चोरी म्हणत नाही.

पण चालत्या गाडीतून पडलेला कोळसा फुटतो. त्याचे चार तुकडे होतात आणि अर्धा चुरा होतो. हे तुकडे अखंड होते. कुणीतरी उचलून आणून, एकावर एक, हळूच ठेवले होते. त्यासाठी गाडी उभी राहायला हवी.

लव्हिनियाने चहा ओतला तो डाव्या हाताने. किटली धड धरता येत नव्हती, बशीत सांडला. उजवा हात शालीच्या आत होता.

"हात दाखव," मी म्हटलं.

"काही नाही गं. थंडी बाधलीय."

"लव्हिनिया, दाखव."

तिने शाल बाजूला केली. मनगट वांग्यासारखं सुजलेलं आणि त्याच रंगाचं. खाली आधाराला लाकडी डाव बांधलेला, वर उशीच्या अभ्र्याच्या चिंध्या.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी ती बर्फावरून घसरली होती. फाटकाची दोन्ही दारं एरवी रुळांवर आडवी लावलेली असत, आणि शिसवी कपाटासारखी जड. एका हाताने ढकलणं शक्यच नव्हतं. पहिल्या दिवशी गाडी बंद फाटकासमोर येऊन थांबली, पर्सी उतरून धावत आला, आणि त्याने सगळं पाहिलं. तेव्हापासून पर्सीच्या प्रत्येक गाडीला एनॉक फाटकाआधी थांबायचा, पर्सी उतरून दारं उघडायचा, गाडी पुढे काढून पुन्हा लावायचा, आणि जाताना कोळसाही आत आणून ठेवायचा. ही गोष्ट कुठेही लिहिली जात नव्हती. बाकीच्या गाड्यांना रुळांचा मुकादम येऊन जायचा.

"कळलं तर दुसऱ्या दिवशी कुलूप लागेल," ती म्हणाली. "हात नाही तर फाटक नाही, फाटक नाही तर घर नाही. सहा आठवडे, हेस्टर. सहा आठवड्यांत हाड जुळतं."

पिक्सवर्थच्या बाईबद्दल तिने ऐकलं होतं. पण तिचा आणि आपला काही संबंध असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी सांगितलं. गाठी, थांबे, बहिरेपण, आणि पर्सी. मग उठले आणि दारात सांगितलं, की चौकशी उद्या अकरा वाजता शाळेत आहे. मी तिच्याकडे काही मागितलं नाही. पण असं सांगणं म्हणजे मागणंच झालं, हे मला कळत होतं.

६

त्या दिवशी चार पन्नासला पर्सी नेहमीसारखा उतरला. मी थैली घेतली नाही. म्हटलं, मला फाटकाचं कळलंय.

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मग तेवढं पोटात ठेवा, बाई."

"ठेवते. आणि तुम्ही तुरुंगात जा."

"मला काय होणार? गेलो तर परत येईन. तिचं घर गेलं तर परत मिळायचं नाही."

"पर्सी, तुम्ही ओरडला होतात. ती बहिरी होती. तुमचा दोष नाही, हे मी सिद्ध करू शकते. पण जादा थांब्याशिवाय गाठींचं गणित सुटत नाही."

त्याने थैली खाली ठेवली. मग म्हणाला, उशीर भरून काढायच्या घाईत त्याने पिक्सवर्थला शिट्टी लवकर दिली होती. पुढच्या डब्यापर्यंत चालत गेला असता तर तिला पाहिलं असतं. तेवढा दोष आपला आहे, आणि तो आपण घेणार.

मला तेव्हा लव्हिनियाचा हेवा वाटला. तुटलेल्या मनगटाच्या बाईचा, सत्तावन्नाव्या वर्षी. माझ्यासाठी कुणी गाडी थांबवली नव्हती. ती वेळापत्रकाप्रमाणे थांबायची. सांगायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

मंगळवारी शाळेच्या वर्गात गाव जमलं, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून. बीमिशने आपलं सांगितलं. मग मी उभी राहिले. रुमाल दाखवला, सायलसकडून थांबे मोजायचं वदवून घेतलं, कॉव्हेंट्रीच्या घरमालकिणीची तार वाचून दाखवली.

"तरीपण, मिस ब्रॉडबेंट," कोरोनर म्हणाले, "पिक्सवर्थ दुसरं स्टेशन आहे. तिसरा थांबा कुठला?"

मी पर्सीकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. कोरोनरनी पुन्हा विचारलं. मी उत्तर दिलं नाही. माझं गप्प राहणं म्हणजे पर्सीचा तुरुंग, आणि बोलणं म्हणजे एका विधवेचं छप्पर.

"तिसरा थांबा माझा," मागून आवाज आला.

दारात लव्हिनिया होती. तिच्यामागे एनॉक थर्ल, तोंडाला काजळी, सकाळच्या गाडीने तिला घेऊन आलेला. ती बाकांमधून सरळ पुढे गेली आणि डाव बांधलेला हात तिने कोरोनरच्या टेबलावर, कागदांच्या वर ठेवला. पर्सीने डोळे मिटून घेतले.

ती बोलली, एनॉक बोलला, आणि शेवटी पर्सीही बोलला. पंचांमधला एक शेतकरी मात्र अडून बसला. बहिरी होती, कबूल. पण आंधळी तर नव्हती ना? सहाची परतीची गाडी समोर येऊन उभी राहिली, गार्डच्या हातात दिवा होता, तेव्हा ही बाई उठून पुढे का आली नाही?

उत्तर दिलं सायलसने, बसल्या जागेवरून.

"ती गाडी परत जाणारी होती," तो म्हणाला. "आणि तिला परत जायचं नव्हतं. मी येईन म्हणून बसली होती ती."

पंचांनी निकाल दिला, अपघाती मृत्यू, कुणाचाही दोष नाही.

७

कंपनीने मात्र दोष शोधला. परवानगीशिवाय गाडी थांबवल्याबद्दल पर्सीला आणि एनॉकला साठ मैलांवरच्या दुसऱ्या लाइनीवर पाठवलं. पर्सी जाण्याआधी मला कोबीची रोपं देऊन गेला. पत्र लिहीन म्हणाला, पण तो लिहिणाऱ्यांतला नाही. लव्हिनियाला महिन्याची नोटीस मिळाली. ती माझ्या वरच्या खोलीत आली. डाव्या हाताने पत्रं लावते, चुका करते, आणि माझं ऐकत नाही.

फेब्रुवारीत एकदा दुपारी सायलस पोस्टात आला. लव्हिनिया दुकानात गेली होती. त्याने काही मागितलं नाही. खिडकीशी उभा राहिला.

"कोरोनरना एक गोष्ट मी सांगितली नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी पर्सी समोर उभा होता. तुमच्या गाडीने माझी बहीण यायची होती ना, एवढं मी विचारलं असतं, तर त्याने डबे बघितले असते. जंक्शनला विचारलं असतं. सहाच्या गाडीने शोधत गेला असता. ती जिवंत होती तेव्हा."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

मी म्हटलं, चौकशी पर्सीची होती. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

"मी विचारलं नाही, कारण ती आली नाही हे मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं," सायलस म्हणाला. "सगळ्या फलाटासमोर. म्हटलं, घरी जाऊ. एवढ्यासाठी."

आमच्याकडे दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसत नाहीत. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पोस्टमास्तरीण तर त्यात सगळ्यात पुढे. ती सगळी पोस्टकार्डं वाचते, आणि एकही वाचलं नाही असं तोंड करते. न वाचणारी अजून जन्माला यायची आहे, आणि कबूल करणारीही.

"सायलस," मी म्हटलं. "तुमच्या बहिणीचं शेवटचं कार्ड मी वाचलं होतं. गुरुवारच्या गाडीने येते, असं लिहिलेलं. तुम्ही कॉलर लावून कंदील घेऊन उभे होतात, तेव्हा कुणासाठी ते मला माहीत होतं. तुम्ही एकटे परत गेलात तेही मी पाहिलं. मी दहा पावलांवर होते. बहीण नाही का आली, एवढं विचारायचं होतं. विचारलं असतं तर कार्ड वाचल्याचं कळलं असतं. म्हणून मी विचारलं नाही."

मला वाटलं तो शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाहेरून कुणाची तरी सायकल गेली.

"काय लिहिलं होतं अजून?" त्याने विचारलं. "माझ्याजवळचं कार्ड भिजलं. छपरातून गळतं. शेवटच्या दोन ओळी गेल्या."

मला पाठ होत्या. महिनाभर दुसरं काही डोक्यात नव्हतं. पण त्या ओळी खिडकीतून सांगण्यासारख्या नव्हत्या. मी काउंटरची फळी उचलली, त्याला आत घेतलं, आणि मागच्या खोलीत उजेडाकडे तोंड करून त्याच्यासमोर बसले. त्या दुपारी पोस्ट तासभर बंद राहिलं, आणि बाहेर कुणीतरी दोनदा दार वाजवून गेलं.